भाजलेल्या जखमेवर काय लावावं?



आज आपण भाजण्याविषयी बोलू. आयुष्यात एकदाही भाजलं नाही अशी बाई आपल्या सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. भाकरी उलटताना तव्याची कड लागते. टम्म फुगलेली भाकरी फुटते आणि वाफ मनगटावर येते. पुरणाच्या डाळीचं येळवण गाळताना पातेलं कलंडतं. अंघोळीचं पाणी तापत असतं आणि खेळता खेळता लेकरू चुलवणापाशी जातं. बहुतेक वेळा आपण "एवढंसं तर आहे" म्हणतो आणि कामाला लागतो. पण त्याआधी एक गोष्ट हमखास करतो. जखमेवर काहीतरी चोपडतो.

कुणी टूथपेस्ट लावतं, कुणी हळद, कुणी शाई. दही, अंड्यातलं पांढरं, बटाट्याचा कीस, खोबरेल तेल, काही घरांत तर शेणसुद्धा. हल्ली त्यात आणखी एकाची भर पडली आहे. मोबाईलवर कुणीतरी दाखवतं की असं एक जेल निघालंय, जखमेवर लावलं की चिकटतं, टाके लागत नाहीत आणि काही दिवसांनी आपोआप विरघळून जातं. मग गटाच्या बैठकीत प्रश्न येतो, "ताई, हे जेल मेडिकलमधून आणून घरात ठेवावं का?"

प्रश्न चांगला आहे. असा विरघळणारा गोंद खरोखर आहे, ती काही थाप नाही. पण तो कुठं वापरतात, कोण वापरतं आणि त्याआधी आपल्या घरात काय व्हायला पाहिजे, हे कळलं तरच त्याचा उपयोग आहे. म्हणून जरा मुळापासून बघू.

आपली कातडी एकच थर नसते. वरचा थर दुधावरच्या सायीसारखा पातळ असतो. त्याच्या खाली जाड थर असतो. त्यात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं आणि दुखणं कळवणाऱ्या नसा असतात. फक्त वरची साय पोळली तर जागा लाल होते, चुरचुरते आणि आठवडाभरात बरी होते. खालच्या थरापर्यंत पोळलं तर फोड येतात, जखम ओलसर दिसते आणि भयंकर आग होते. नीट काळजी घेतली तर अशी जखम साधारण दोन ते तीन आठवड्यांत भरते. आणि दोन्ही थर जळले तर जागा पांढरीफटक, तपकिरी किंवा काळी पडते, चामड्यासारखी कडक लागते आणि तिथं दुखत नाही.

हे नीट ऐका. दुखत नाही म्हणजे बरं आहे असं नव्हे. दुखणं कळवणाऱ्या नसाच जळून गेल्या म्हणून दुखत नाही. अशी जखम मोठी असेल तर ती आपली आपण भरत नाही. तिला दवाखानाच लागतो.

आता जखमेला बरं व्हायला काय लागतं ते पाहू. तीन गोष्टी लागतात. स्वच्छता, ओलावा आणि पांघरूण. कातडी गेली म्हणजे अंगावरचं पांघरूण गेलं. आतलं पाणी बाहेर झिरपतं आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. म्हणून वर काहीतरी घालावं लागतं. पण कोरडी जाळीची पट्टी, म्हणजे गॉज, घातली तर ती जखमेला चिकटून बसते. पट्टी बदलताना ओढली की आलेली नवी कोवळी कातडी तिच्याबरोबर निघून येते. भाजलेल्या माणसाला विचारा, पट्टी बदलण्याचा दिवस म्हटला की अंगावर काटा येतो. म्हणून कितीतरी वर्षं डॉक्टर असं पांघरूण शोधत आलेत, जे जखम ओली ठेवील, जंतू येऊ देणार नाही आणि काढताना कातडी ओढणार नाही.

आपल्या महाराष्ट्रात हा शोध स्वयंपाकघरातल्या वस्तूंपर्यंत गेला. मुंबईला वाडिया बाल रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग वापरली. साली उकडून, गॉजवर बसवून, निर्जंतुक करून. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची ड्रेसिंग केली. जेवायला घेतो तेच पान, पण वाफेनं निर्जंतुक केलेलं. पान गुळगुळीत असतं, जखमेला चिकटत नाही, काढताना त्रास होत नाही आणि खर्चही फारसा नाही.

आणि आपल्या सोलापुरात काय झालं? आपल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुब्रह्मण्यम नावाचे सर्जन होते. त्यांनी भाजलेल्या जखमांवर मध वापरून पाहिला. १९९१ साली त्यांचा लेख इंग्लंडमधल्या सर्जन लोकांच्या मोठ्या मासिकात छापून आला. वरवर भाजलेले १०४ रुग्ण त्यांनी घेतले. ५२ जणांना मधाची पट्टी, ५२ जणांना चांदीचं औषध घातलेली पांढरी क्रीम, जी दवाखान्यांत सर्रास वापरतात. सात दिवसांनी मधाच्या गटात ९१ टक्के जखमांमध्ये जंतू उरले नव्हते. क्रीमच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होतं. पंधरा दिवसांत मधाच्या गटातल्या ८७ टक्के जखमा भरल्या, क्रीमच्या गटातल्या १० टक्के.

पुढं त्यांनी मधाची बटाट्याच्या सालींशीही तुलना केली, त्यातही मध पुढं राहिला. २०१५ साली देशोदेशींचे असे अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हा फरक इतका मोठा दिसला नाही, पण दिसला. मधल्या खोलीच्या भाजलेल्या जखमा नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा मधानं साधारण चार-पाच दिवस लवकर भरतात, असं त्यातून निघालं. चार-पाच दिवस म्हणजे मजुरीवर जाणाऱ्या बाईचे चार-पाच दिवसांचे पैसे.

मध काम कसं करतो? त्यात साखर इतकी दाट असते की जंतूंच्या अंगातलं पाणी ओढलं जातं आणि ते जगत नाहीत. मध थोडा आंबट असतो, तेही जंतूंना मानवत नाही. जखमेतल्या ओलाव्याशी मिसळला की त्यातून जंतुनाशक द्रव्य हळूहळू तयार होतं. आणि मध चिकट असला तरी पट्टीला जखमेशी घट्ट बसू देत नाही, मध्ये ओला थर ठेवतो. म्हणजे मध हे एक जुनं जेलच म्हणा ना. सुश्रुतांच्या ग्रंथातही जखमेसाठी मध आणि तूप सांगितलं आहे. आपल्या आज्या-पणज्या काही अगदीच वेड्या नव्हत्या.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं तर, घरातली मधाची बाटली काढू. थांबा. सोलापूरच्या त्या रुग्णांना मध लावला तो दवाखान्यात, जखम धुऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली. किती खोल भाजलंय हे आधी बघून. आपल्या बाटलीतला मध शुद्ध आहे की त्यात साखरेचा पाक आहे, हे आपल्याला कळत नाही. मधात कधी कधी जंतूंची सुप्त बीजं असतात. खाल्ल्यावर मोठ्या माणसाला ती बाधत नाहीत, पण उघड्या जखमेत गोष्ट वेगळी असते. जखमेसाठीचा मध किरणांनी निर्जंतुक करून नळीत भरलेला मिळतो. तोही डॉक्टरांनी सांगितल्यावर.

या गोष्टीचा पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९९ साली दुसरा अभ्यास छापला. या वेळी जास्त भाजलेले ५० रुग्ण घेतले. निम्म्यांना मध. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया, म्हणजे जळालेली कातडी वरून तासून काढायची आणि त्याच माणसाच्या मांडीची पातळ कातडी तिथं लावायची. त्यात मध मागं पडला. लावलेली कातडी शस्त्रक्रियेच्या गटात जास्त चांगली धरली आणि रुग्ण लवकर घरी गेले. मधाची बाजू जगापुढं मांडणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःच लिहिलं की अशा रुग्णाला मध पुरेसा नाही.

यातून आपण काय शिकायचं? कुठलं औषध चांगलं हे जखमेच्या खोलीवर ठरतं. आणि खोली घरात बसून ठरत नाही. पहिल्या दिवशी तर डॉक्टरांनाही ती अवघड जाते. म्हणूनच दवाखान्यात जायच्या आधी जखमेवर हळद, शाई, टूथपेस्ट लावली की रंग झाकला जातो आणि आत काय आहे ते दिसत नाही. ते आधी खरवडून काढावं लागतं. म्हणजे दुखणं दुप्पट, वेळ वाया, आणि जंतू गेले ते वेगळेच. दुकानातून आणलेली पांढरी क्रीमसुद्धा दाखवण्याआधी लावू नका. दिवस भरत आलेल्या बाईला आणि तान्ह्या बाळाला तर ती आपल्या मनानं लावूच नका.

आता येऊ त्या विरघळणाऱ्या गोंदाकडं. भाजी चिरताना बोट कापलं की थोड्या वेळानं रक्त थांबतं, गोठतं. रक्तात एक विरघळलेलं द्रव्य असतं. जखम झाली की दुसरं द्रव्य जागं होतं आणि पहिल्याचे बारीक धागे बनवतं. या धाग्यांचं जाळं म्हणजे रक्ताची गुठळी, वाळल्यावर तीच खपली. शास्त्रज्ञांनी हीच दोन द्रव्यं माणसाच्या रक्तातून वेगळी काढली. दोन सिरिंजमध्ये दोन द्रव ठेवायचे, जखमेवर एकत्र सोडायचे, त्यांचं जेल बनतं आणि ते धरून ठेवतं. याला फायब्रिन गोंद म्हणतात. शरीराला ते आपलंच वाटतं, म्हणून साधारण दोन आठवड्यांत ते जिरून जातं.

भाजलेल्यांसाठी याचा उपयोग कुठं? मांडीची कातडी काढून हातावर किंवा चेहऱ्यावर लावली की ती जागेवर राहिली पाहिजे. सरकली, खाली पाणी साठलं तर धरत नाही. आजवर ती टाक्यांनी किंवा धातूच्या पिनांनी बसवत आले. त्या पिना नंतर एकेक करून काढायच्या, ते दुखणं वेगळं. गोंदानं बसवली तर पिना नकोत. अमेरिकेत २००८ साली भाजलेल्या रुग्णांची कातडी बसवायला अशा गोंदाला मान्यता मिळाली. पण लक्षात घ्या, हा गोंद शस्त्रक्रियेच्या खोलीत वापरायचा. तो महाग असतो, थंड ठेवावा लागतो. आणि तो कातडी धरून ठेवतो, कातडी बनवत नाही. मोबाईलवर दिसतं म्हणून घरच्या कपाटात ठेवायची ही वस्तू नाही.

आणखी एक गोंद दवाखान्यात असतो, स्वच्छ कापलेल्या छोट्या जखमेच्या कडा जोडायला. तो आतून विरघळत नाही, पाच-दहा दिवसांत वरून सुटून पडतो. तोही भाजलेल्या जागेसाठी नाही. आणि चप्पल, खेळणी चिकटवायचा झटपट गोंद तर कुठल्याच जखमेवर लावू नका. तो चिकटताना गरम होतो, कातडीच भाजते.

आपल्याकडच्या दवाखान्यात तुम्हाला जास्त करून दिसेल ती कोलॅजनची पातळ शीट. जनावराच्या कातडीतल्या द्रव्यापासून बनवलेली. स्वच्छ केलेल्या ताज्या जखमेवर ती बसवली की चिकटते, वाळते, कागदासारखी दिसते. घरी आल्यावर सासूबाई किंवा जाऊबाई म्हणतात, "ही कसली घाण वाळलीय, काढून टाक." काढू नका. खाली नवी कातडी येते तशी ती कडेनं आपोआप सुटते. सुटलेली कड डॉक्टर किंवा नर्स कात्रीनं कापतील. मात्र खाली पू दिसला, वास आला, ताप आला किंवा लाली वाढत गेली, तर त्याच दिवशी दाखवा.

आता आपल्या हातातली गोष्ट. डॉक्टरांच्या हातात कितीही चांगलं जेल असलं, तरी पहिली वीस मिनिटं आपल्या हातात असतात.

अंगावरच्या कपड्यानं पेट घेतला तर पळू नका. पळालं की वारा लागून आग वाढते. जमिनीवर आडवं व्हा, लोळा. जवळ असेल त्यानं जाड सुती चादर नाहीतर घोंगडी टाकून आग दाबावी. आपली सोलापुरी चादर यासाठी उत्तम. नायलॉनचं काही टाकू नका, ते वितळून अंगाला चिकटतं. आग विझली की चादर काढून घ्या. वीज लागून भाजलं असेल तर माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

मग पाणी. साधं, माठातलं किंवा नळाचं, वाहतं पाणी भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं. घड्याळ बघून वीस मिनिटं. वरून आग थांबली तरी आत उष्णता काम करत असते, पाणी ती ओढून काढतं. त्यानं जखम खोल जायची थांबते, म्हणून याला औषधाचीच किंमत आहे. तासाभरानं आठवलं तरी करा, तीन तासांपर्यंत उपयोग होतो. बर्फ लावू नका, त्यानं आधीच दुखावलेली कातडी आणखी मरते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात वीस मिनिटं वाहतं पाणी कुठून आणायचं, हे मला कळतं. हात-पाय असेल तर स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. नाहीतर दोन स्वच्छ सुती फडकी ओली करा आणि आलटून पालटून ठेवत राहा. लेकरू असेल तर भाजलेली जागा थंड करा, पण बाकी अंग गुंडाळून ऊबदार ठेवा.

पाणी चालू असतानाच बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण काढा. सूज आली की निघत नाहीत आणि बोट काळं पडायची वेळ येते. सौभाग्याचं लेणं म्हणून थांबू नका, बरी झालीस की पुन्हा घालशील असं तिला सांगा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीनं कापा. फोड फोडू नका. मग धुतलेल्या सुती कापडानं सैल झाका. जुन्या धुवट लुगड्याचा तुकडा चालेल, कापूस नको, त्याचे धागे अडकतात. बाकी काही लावायचं नाही.

दवाखान्यात कधी जायचं? जखम त्या माणसाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल तर. चेहरा, हात, पाय, सांधे, लघवीची जागा भाजली असेल तर. लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर. वीज किंवा ॲसिडनं भाजलं असेल, धूर छातीत गेला असेल किंवा जागा पांढरी-काळी पडून बधिर झाली असेल तर. १०८ ला फोन करा, गाडीला पैसे लागत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा.

हातासाठी मी विशेष सांगते. तीन आठवड्यांत जी जखम भरत नाही, तिथं जाड, ओढलेला वण येतो. बोटं आखडतात. विडी वळणारी बाई, भाजी खुडणारी बाई, चादरीला शिलाई घालणारी बाई, हिची बोटंच आखडली तर तिचं घर कशावर चालायचं? म्हणून "छोटंसं आहे, शेवटी डागच राहणार" म्हणून घरी बसू नका. वेळेत कातडी लावली आणि शिकवलेले बोटांचे व्यायाम नेमानं केले, तर हात वाचतो.

शेवटची गोष्ट जरा अवघड आहे, पण बोलली पाहिजे. कधी कधी बाई भाजते आणि घरात दारं लावली जातात. "स्टो भडकला" एवढंच सांगितलं जातं. दवाखान्यात गेलं तर पोलीस येतील म्हणून घरीच तेल लावून ठेवतात. शेजारणींनो, गटातल्या बायांनो, अशा वेळी कसं भाजलं याची चर्चा दारात करत बसू नका. आधी पाणी, मग गाडी. तिच्याबरोबर कुणीतरी बाई जाऊ द्या, तिला एकटी बोलायची संधी मिळू द्या. ती बोलेल ते तिचं तिला बोलू द्या. मदत लागली तर महिलांसाठी १८१ हा नंबर आहे.

आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं घरात दोन धुतलेली सुती फडकी वेगळी बांधून ठेवायची. १०८ आणि १८१ भिंतीवर लिहायचे. आणि घरातल्या सगळ्यांकडून, मुलांकडूनसुद्धा, एक वाक्य पाठ करून घ्यायचं. भाजलं की वीस मिनिटं पाणी, स्वच्छ फडकं, मग दवाखाना. जेल कुठलं लावायचं ते तिथं ठरू द्या.

नमस्कार.